मागचे ड्रम ब्रेक मोकळे कसे करायचे: फॉर्म्युला व्हीच्या नव्या चालकांसाठी

पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकजवळच्या गाड्या ठेवायच्या आवारात, तुमची गाडी हाताने ढकलली आणि हात काढल्याबरोबर ती दोन पावलांत थांबली, तर इंजिनावर पैसे घालण्याआधी हे वाचा. मी नेमकं उलटं केलं होतं. मिशिगनला आल्यावर एक जुनी फॉर्म्युला व्ही विकत घेतली आणि पहिला अख्खा सीझन सरळ रस्त्यावर मागे पडत राहिलो. मिड-ओहायो ट्रॅकवर कीहोल नावाचं वळण सुटलं की पुढची लांब सरळ लागते. तिथे पुढची गाडी माझ्या डोळ्यांदेखत लहान होत जायची. मी कार्ब्युरेटर दोनदा उघडला, टायमिंग पुन्हा लावलं, प्लग बदलले. शेवटी एका संध्याकाळी शेजारच्या तंबूतला एक जुना चालक गाडी ट्रेलरवर चढवायला मदत करत होता. दोन धक्के देऊन तो थांबला आणि म्हणाला, "आधी ब्रेकवरचा पाय काढायला सांग." गाडीत कुणीच बसलेलं नव्हतं.

भारतातून इथे शिकायला किंवा नोकरीला आलेले बरेच मराठी तरुण कॉलेजात बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाडी बांधून आलेले असतात. त्यांचा हात डिस्क ब्रेकवर बसलेला असतो, आणि इथे क्लब रेसिंगची परवडणारी सुरुवात म्हणून जुनी व्ही घेतली की पहिल्यांदाच ड्रमशी गाठ पडते. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी थोडी गाडीची ओळख

फॉर्म्युला व्ही म्हणजे फोक्सवॅगन बीटलचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक घेऊन बांधलेली एक आसनी, उघड्या चाकांची रेस गाडी. अमेरिकेच्या स्पोर्ट्स कार क्लबने, म्हणजे एससीसीएने, 1963 मध्ये या वर्गाला मान्यता दिली. एमर्सन फिटिपाल्डी, निकी लाउडा आणि केके रोझबर्ग हे तिघेही फॉर्म्युला वनचे विश्वविजेते होण्याआधी व्ही चालवत होते. इंजिन 1200 सीसीचं, ताकद सुमारे 60 अश्वशक्ती, चालकासह किमान वजन 1025 पौंड, म्हणजे साधारण 465 किलो. आणि नियमानुसार चारही चाकांना बीटलचेच ड्रम.

60 हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. समजा एका मागच्या चाकाचे ब्रेक शू ड्रमला हलके घासताहेत आणि ते चाक फिरवायला टायरच्या कडेवर 1.7 किलोची जादा ओढ लागते. हाताला ती जेमतेम जाणवते. पण ताशी 160 किलोमीटरला तेवढीच ओढ जवळपास 1 अश्वशक्ती खाते. दोन्ही चाकं तशी असतील तर 2 गेल्या. सगळ्यांची इंजिनं जवळपास सारखीच असलेल्या वर्गात 60 मधल्या 2 म्हणजे पुढच्या गाडीच्या मागच्या हवेत टिकणं आणि सुटणं यातला फरक.

ड्रम का घासतो

घरी बजाज चेतक असेल तर तिचा मागचा ड्रम तुम्ही पाहिलेला आहे. वडील रविवारी चाकाजवळचा नट फिरवून ब्रेक लावायचे, चाक हाताने फिरवून कान देऊन ऐकायचे आणि पुन्हा अर्धा फेरा सोडायचे. तत्त्व इथेही तेच आहे: गोल डब्याच्या आत दोन अर्धगोल शू, पेडल दाबलं की ते बाहेर फाकतात, सोडलं की स्प्रिंग त्यांना आत ओढते. फरक इतकाच की चेतकमध्ये एक कॅम दोन्ही शू फाकवतो, तर बीटलमध्ये ते काम ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा व्हील सिलिंडर करतो, आणि शू ड्रमच्या जवळ-लांब करायला प्रत्येक शूला स्वतःची वेगळी दातेरी चाकी असते.

डिस्कमध्ये पिस्टनचं रबरी सीलच पिळ सुटताना पिस्टनला केसभर मागे घेतं, आणि पॅड डिस्कला किंचित टेकला तरी फारसं बिघडत नाही. ड्रममध्ये शू मागे आणायचं काम फक्त स्प्रिंग करते. वाटेत गंज, खाच, चिकटलेला पिस्टन, अडकलेला दाब, काहीही आलं तरी शू अर्ध्यावर थांबतो.

म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती कळायला मला सहा महिने लागले. चाक मोकळं होत नाही म्हणून दातेरी चाकी सोडत जाणं हा उपाय नाही. तशाने घासणं थांबतं खरं, पण पेडल तळाला जातं आणि ब्रेक उशिरा, वाकडा धरतो. शू पूर्ण परत येत असेल, ड्रम गोल असेल आणि शू मध्यावर बसला असेल तर अगदी थोड्या अंतरातही चाक मोकळं फिरतं आणि पेडलही वर राहतं. दातेरी चाकी फिरवणं हे सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत सोपं काम आहे.

काय काय लागेल

- जॅक आणि उचललेली गाडी टेकवायला चांगल्या प्रतीच्या किमान दोन घोड्या (स्टँड). विटा किंवा लाकडाचे ओंडके चालणार नाहीत.
- पुढची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना लावायला ओट.
- 36 मिमीचं सॉकेट आणि लांब दांडा. मागच्या अ‍ॅक्सलचा नट याच मापाचा असतो.
- 300 न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क पाना. स्वतःकडे नसेल तर भाड्याने मिळतो.
- चपट्या टोकाचा जाड स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्रेकसाठीचा वाकडा चमचा.
- मासे तोलायचा स्प्रिंगकाटा, 10 किलोपर्यंतचा, आणि दोन मीटर दोरी.
- ब्लीडर स्क्रूसाठी (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू) रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, डॉट 4 ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा.
- ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं उच्च तापमानाचं ग्रीस, बारीक कानस, पॉलिश पेपर, खडू.
- श्वासासाठी चांगला मास्क आणि हातमोजे.
- एक वही. ही वगळू नका.

कागदांमध्ये तीन गोष्टी हव्यात: चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेतला व्हीचा भाग, तुमच्या ड्रमच्या सालाचं बीटलचं वर्कशॉप मॅन्युअल, आणि गाडीचं लॉगबुक. नियमपुस्तिका यासाठी की व्हीमध्ये काय बदलता येतं आणि काय नाही हे फार बारकाईने लिहिलेलं असतं. स्प्रिंग, शू, मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा, ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर) यातलं काही बदलण्याआधी तो परिच्छेद स्वतः वाचा, तंबूतल्या गप्पांवर जाऊ नका.

1. ड्रम पूर्ण थंड होऊ द्या

ही पायरी वाचून तुम्ही पुढे सरकाल, म्हणून हिच्यावर थोडा थांबतो.

मागचा ड्रम बिडाचा, सुमारे 230 मिमी व्यासाचा. सेशन संपवून आलात तेव्हा तो बाहेरच्या हवेपेक्षा 200 अंश जास्त गरम आहे असं धरा. बीड तापलं की पसरतं, आणि या हिशेबाने ड्रमचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढलेला असतो. म्हणजे प्रत्येक शूपासून पाव मिलिमीटर लांब. साहजिकच पेडल खाली गेलेलं वाटतं. नवा चालक पिटमध्ये येतो, "पेडल लांब झालं" म्हणतो, आणि पुढच्या सेशनला वीस मिनिटं असताना गाडी उचलून दातेरी चाक्या घट्ट करतो. त्या क्षणी चाक मोकळं फिरतं. मग ड्रम थंड होतो, आकसतो आणि शूवर आवळून बसतो. पुढच्या सेशनच्या पहिल्याच लॅपपासून ब्रेक स्वतःहून तापायला लागतो.

गरम गाडीवर अ‍ॅडजस्टमेंट करू नका. हात ठेवता येईल इतका ड्रम थंड झाल्यावरच पाना हातात घ्या, आणि तोपर्यंत उभ्या गाडीत पेडल दाबूनही ठेवू नका. मी हे काम शुक्रवारी संध्याकाळी घरी करतो, ट्रॅकवर नाही.

2. गाडी उचला

ड्रम उघडायचा असेल, आणि पहिल्या वेळी तो उघडायचाच आहे, तर गाडी जमिनीवर असतानाच कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली पिन) काढून 36 मिमीचा नट सैल करा. तो इतका घट्ट असतो की घोड्यांवरच्या गाडीला लांब दांड्याने हिसके दिले तर गाडी खाली येऊ शकते. मित्राला ब्रेक दाबायला बसवा, पुढच्या चाकांना ओट लावा, दांड्यावर अंगाचं वजन टाका. नट फिरला की तिथेच थांबा.

मग गाडी उचलून घोड्या फ्रेमखाली लावा. मागची चाकं लोंबकळून तिरकी दिसतील. बीटलच्या मागच्या अ‍ॅक्सलची रचनाच तशी आहे, घाबरू नका. गिअर न्यूट्रलमध्ये.

3. सुरुवातीचं माप घ्या

टायरवर दोरीचे दोन वेढे घ्या, टोकाला स्प्रिंगकाटा अडकवा आणि चाक सावकाश, एकसारख्या गतीने फिरेल असं ओढा. सुटतानाचा झटका सोडून द्या. फिरत असतानाचा आकडा वहीत लिहा.

इथे एक खाच आहे. मागची दोन चाकं डिफरेन्शिअलने जोडलेली आहेत, म्हणून एक फिरवलं की दुसरं उलटं फिरू लागतं आणि माप भलतंच येतं. दुसरं चाक मित्राला घट्ट धरायला सांगा. तरीही तुमच्या आकड्यात गिअरबॉक्सच्या ऑइलची आणि बेअरिंगची ओढ मिसळलेली असेलच. ती वेगळी काढायला दोन्ही बाजूंच्या दातेरी चाक्या पूर्ण सोडून पुन्हा माप घ्या. हा झाला तुमच्या गाडीचा पाया. पहिल्या आकड्यातून हा वजा केला की उरते ती ब्रेकची ओढ. थंडीत गिअरबॉक्सचं ऑइल जाड होतं, तेव्हा दोन्ही मापं एकाच बैठकीत घ्या.

कानाने ऐकून ठरवू नका. "शूंऽऽ" असा हलका आवाज कधी नुसत्या धुळीचा असतो, आणि कधी आवाज न करता शू चांगला दाबून बसलेला असतो.

चाक्या पूर्ण सोडल्या तरी ओढ कमी झालीच नाही, तर दोष शूमध्ये नाही. तो बेअरिंगमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये शोधा.

4. दाब अडकला आहे का ते पाहा

चाक घासत असताना त्याचा ब्लीडर स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नळी आधीच लावून ठेवा. ऑइलची बारीक पिचकारी आली आणि चाक मोकळं झालं, तर वर कुठेतरी दाब अडकून राहिला आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष ड्रमच्या आत आहे, सरळ पुढच्या पायरीवर जा.

दाब अडकण्याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत नेहमीचं कारण पुशरॉड, म्हणजे पेडलला जोडलेली दांडी आहे. ही दांडी आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यामध्ये सुमारे 1 मिमी मोकळी जागा हवी. गाडी हातोहात फिरत आलेली असते, प्रत्येक नवा चालक आपल्या पायाच्या लांबीप्रमाणे पेडल पुढे-मागे करतो आणि हा 1 मिमी कधीतरी खाऊन टाकतो. मग पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलला टाकीत परतायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ब्रेक तापला की ऑइल पसरतं आणि परतायला वाट नसल्याने शू दाबत राहतं. म्हणजे जितकं जास्त चालवाल तितका ब्रेक जास्त धरेल. पहिल्या लॅपला ठीक आणि पाचव्या लॅपपासून सुस्त होणारी गाडी असेल तर आधी इथे बघा. पेडल बोटाने हलवा. पिस्टनला टेकण्याआधी थोडासा रिकामा खेळ जाणवला पाहिजे.

दुसरं कारण रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची लवचीक नळी. जुना होज बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगून बंद होत आलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. गाडी जुनी घेतली असेल तर सगळे होज बदलून टाका, तपासत बसू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे मास्टर सिलिंडरमधली किंवा लाइनमध्ये बसवलेली झडप, जी ड्रमसाठी मुद्दाम थोडा दाब राखून ठेवते. तिचा राखलेला दाब स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा कमीच असायला हवा. स्प्रिंग म्हाताऱ्या झाल्या की हे गणित उलटतं. बहुतेक वेळा झडप निर्दोष असते आणि स्प्रिंग बदलल्या की प्रश्न सुटतो.

5. ड्रम उघडा

मास्क लावा. जुन्या शूच्या लायनिंगमध्ये, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली काळी धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून खाली ट्रेमध्ये येऊ द्या आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका.

ड्रम निघत नसेल तर दातेरी चाक्या पूर्ण सोडल्या आहेत का ते बघा. ड्रमच्या कडेला शूमुळे कंगोरा पडलेला असतो आणि शू त्यात अडकतो. कडेवर हातोडा मारू नका, बीड आहे, तुकडा उडतो.

आत आल्यावर हे तपासा:

व्हील सिलिंडरचं रबरी टोपण हलकेच उचला. आत ओलावा दिसला तर सिलिंडर बदला. पिस्टन अंगठ्याने दाबून पाहा, तो सहज आत जायला हवा. हिवाळाभर गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत एका बाजूचा पिस्टन गंजून चिकटलेला असतो. त्या बाजूचा शू परत येत नाही आणि दुसरी बाजू एकटीच काम करते.

बॅकिंग प्लेटवर, म्हणजे शूमागच्या स्थिर पत्र्यावर, शूची कड जिथे टेकते त्या जागांवर बोट फिरवा. इथे खड्डे पडलेले असतील तर सापडला तुमचा चोर. शू बाहेर जाताना खड्ड्यातून वर चढतो आणि परत येताना त्याच्या काठावर अडतो. माझ्या गाडीत हाच दोष होता. उजव्या बाजूला तीन ठिकाणी नखाएवढ्या खोल खाचा होत्या, आणि मी त्यांच्यामुळे कार्ब्युरेटर दोनदा उघडला होता. हलक्या खाचा कानशीने सपाट करा. खोल असतील तर वेल्डने भरून घासून घ्या किंवा प्लेट बदला. त्या जागांवर ग्रीस लावायचं ते नखावर मावेल इतकंच. जास्त लावलं तर गरम होऊन लायनिंगवर येतं आणि मग तो शू फेकावा लागतो.

स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकलेली हवीत. वेटोळ्यांमध्ये उजेड दिसला तर ती ताणली गेली आहे. मी दर हिवाळ्यात स्प्रिंगचा अख्खा संच बदलतो. एका टायरच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही.

दातेरी चाक्या काढून धुवा, आट्यांना किंचित ग्रीस लावा. बसवताना लक्ष द्या: शूचं पातं ज्या खाचेत बसतं ती खाच तिरकी असते आणि तिचा कल शूच्या पात्याशी जुळला पाहिजे. उलटी बसवली तर शू वाकडा उभा राहतो आणि कितीही सोडला तरी एका कडेने घासतोच. पहिल्यांदा उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक बाजू नमुना म्हणून बंद राहू द्या.

गाडीत हँडब्रेकची केबल नसली तरी आतला लीव्हर कधीकधी तसाच राहिलेला असतो. तो पूर्ण मागे जातो ना, दोन शूंमधली पट्टी ताणून तर धरत नाही ना, तेही बघा.

6. नेमकं कुठे घासतंय ते शोधा

लायनिंगवर खडू फासा, ड्रम चढवा, नट हाताने आवळा, शू जेमतेम टेकेपर्यंत चाक्या फिरवा आणि ड्रमला दोन-तीन फेरे द्या. ड्रम काढा. खडू कुठून पुसला गेला ते सगळं सांगतं.

मधल्या भागातून पुसला असेल तर शूची गोलाई ड्रमपेक्षा किंचित लहान आहे. नव्या शूला हे चालतं, काही सेशनमध्ये तो घासून जुळतो. फक्त दोन टोकांवरून पुसला असेल तर शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी आहे. असा शू टोकांनी चावतो, घासतोही आणि अचानक धरतोही. तो तसा वापरू नका, ड्रमच्या मापाला घासून घ्या. एकाच कडेवरून, म्हणजे नुसत्या आतल्या किंवा नुसत्या बाहेरच्या बाजूने पुसला असेल तर शू वाकडा बसलाय किंवा पातं वाकलंय.

आता ड्रमची बारी. चाक फिरवताना प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडतं का? अडलं की टायरच्या व्हॉल्व्हची जागा बघा. व्हॉल्व्ह दर वेळी त्याच जागी, समजा घड्याळात चार वाजतात तिथे, असताना अडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा स्प्लाइनवर (ड्रम ज्यावर बसतो त्या दांड्याच्या उभ्या खाचांवर) वाकडा बसलाय. ओढ पूर्ण फेऱ्यात सारखी असेल तर दोष शूचा. हा भेद ओळखता आला की निम्मं काम झालं. गोल नसलेल्या ड्रमवर कितीही अ‍ॅडजस्टमेंट केली तरी एक तर घासणार किंवा पेडल लांब राहणार. तो लेथवर द्या आणि ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल व्यासाच्या आत राहतोय ना ते मोजून घ्या. त्याच्या पुढे गेलेला ड्रम पातळ असतो, तापतो आणि तडकतो. तो भंगारात.

7. जोडा

नट 217 फूट-पौंडाला, म्हणजे 294 न्यूटन-मीटरला आवळायचा. पूर्ण ताकद गाडी जमिनीवर आणल्यावर लावा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा, सोडून कधीच नाही. पिन नवी घाला. हा नट सैल राहिला तर ड्रमची स्प्लाइन खाल्ली जाते आणि चाक जाऊ शकतं. त्यामुळे हा टॉर्क "अंदाजे" नसतो.

सिलिंडर किंवा होज बदलला असेल तर चारही चाकांची हवा काढा. हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं लागतं, ते लांब अंतरासारखंच वाटतं, आणि तुम्ही विनाकारण चाक्या घट्ट करत बसता.

8. आता अ‍ॅडजस्टमेंट

इथपर्यंतचं काम नीट झालं असेल तर हे दहा मिनिटांचं आहे.

दातेरी चाकीपर्यंत पोहोचणाऱ्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून एका शूची दातेरी चाकी फिरवा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. एका बाजूची चाकी वर ढकलल्यावर घट्ट होत असेल तर शेजारची खाली ढकलल्यावर होते. दोन्हींची दिशा उलट असते. दुसऱ्या शूचंही तसंच करा.

मग पेडल दोन-तीन वेळा जोरात दाबा. ही कृती वगळणारे फार आहेत. पेडल दाबल्याने शू ड्रममध्ये मध्यावर सरकून बसतात, आणि बहुतेक वेळा त्यानंतर चाक पुन्हा थोडं सैल झालेलं आढळतं. पुन्हा घट्ट करा, पुन्हा दाबा. पेडल दाबूनही सैल होत नाही अशी स्थिती आली की थांबा.

आता प्रत्येक शू तीन-चार दात मागे सोडा. दोन्ही शू सारखेच दात, आणि दात मोठ्याने मोजा, मित्राला लिहायला सांगा. पेडल पुन्हा दाबून सोडा, चाक फिरवा. कुठे घासतंय का? घासत असेल तर त्या शूचा एकच दात सोडा आणि पेडल दाबून पुन्हा बघा. पाच-सहा दात सोडूनही घासत असेल तर सातवा सोडू नका. पायरी 5 आणि 6 मध्ये काहीतरी राहून गेलंय.

पुढचा शू ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने ओढला जातो, म्हणून तो जास्त काम करतो आणि लवकर झिजतो. त्यामुळे सीझनभरात दोन शूंचे दात सारखे राहणार नाहीत, हे बरोबरच आहे. पण डाव्या आणि उजव्या चाकाची ओढ सारखी राहिली पाहिजे.

भोकांची रबरी बुचं परत लावा. ट्रॅकवरची वाळू आत गेली की लायनिंगमध्ये रुतते आणि ड्रमला चरे पाडते.

9. पुन्हा माप

पायरी 3 सारखंच. पाया वजा करून उरलेली ओढ दर चाकाला अर्ध्या किलोच्या आत आली की मी समाधानी असतो. 160 ला ती अश्वशक्तीच्या एक तृतीयांशाहून कमी होते. शून्याच्या मागे लागू नका. शून्य मिळवायला जे अंतर ठेवावं लागतं त्याने पेडल इतकं लांब होतं की वळणाच्या तोंडाशी एकाच पायाने ब्रेक दाबत टाच-बोटाने थ्रॉटल देणं जमत नाही, आणि सरळ रस्त्यावर कमावलेलं तिथे जातं.

10. ट्रॅकवर

आधी पॅडॉकमध्ये चालण्याच्या वेगाने तीन-चारदा ब्रेक मारा. पेडल उंच आणि कडक लागलं पाहिजे, गाडी एका बाजूला जाता कामा नये. नवे शू असतील तर पहिलं सेशन त्यांना बसवण्यासाठी द्या. मध्यम जोराचे ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ. पहिल्या लॅपला कुणाच्या मागे चिकटू नका.

आत आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रमची तापमानं घ्या. मागचे दोन एकमेकांशी जुळायला हवेत. एक ठळकपणे गरम असेल तर तो घासतोय किंवा दुसरा कामच करत नाहीये. कोणतं ते गाडी थंड झाल्यावर स्प्रिंगकाटा सांगेल. लिहून ठेवा: तारीख, ट्रॅक, दात, ओढ, तापमान.

पुढच्या चाकांना हीच सगळी पद्धत लागू आहे. तिथे डिफरेन्शिअल नाही, म्हणून माप सोपं. फक्त ब्रेकला हात लावण्याआधी व्हील बेअरिंगचा खेळ ठीक करा. बेअरिंग सैल असेल तर वळणात ड्रम कलंडतो, शू आत ढकलतो, आणि पुढच्या ब्रेकिंगला पहिल्या दाबात पेडल रिकामं जातं.